ढोलवाल्या आजोबांचा माउथ ऑर्गन

मित्रांनो, मी एक जुना माउथ ऑर्गन आहे. माझ्यासारख्या वीतभर वस्तूने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. पण तोंड उघडलेच आहे, तर सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडी पट्टीत खाचा पाडून त्यांवर पितळेच्या पातळ पात्या बसवल्या. फुंकले की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. तपासणाऱ्या बाईंनी मला वाजवून पाहिले आणि म्हणाल्या, "गोड आहे हो हा!" ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मला एका ढोलवाल्यांनी विकत घेतले. ते मोठ्या वाद्यवृंदात होते. त्या वाद्यवृंदाची एक चाल फार प्रसिद्ध होती. लोक ती गुणगुणतच घरी जात. व्हायोलिनवाले ती वाजवत, बासरीवाले वाजवत. आमचे ढोलवाले मागे उभे राहून मात्रा मोजत, वेळ आली की एक ढम् करत आणि पुन्हा मोजू लागत. ती चाल कधीतरी स्वतः वाजवायची, म्हणून त्यांनी मला घेतले. आणि सवड मिळेना, म्हणून कपाटाच्या खणात ठेवले. जुन्या किल्ल्या आणि सुतळीच्या गुंड्याशेजारी माझी वर्षे गेली. मी रुसलो नाही. धूळ मात्र पोटभर खाल्ली.

ढोलवाले निवृत्त झाले, आजोबा झाले. एके दिवशी आजी कानांच्या डॉक्टरांकडून परत आल्या.

"कान हळूहळू जाणार म्हणे. आधी बारीक आवाज, मग जाड. म्हणजे तुमचं घोरणं शेवटपर्यंत माझ्या नशिबी!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी खण उघडला. आजींना ऐकू येते आहे तोवर ती चाल पूर्ण वाजवून दाखवायची, एवढेच त्यांनी मनात धरले.

पण चाल जरा रंगात आली की ढोलाची जागा येई, आणि आजोबांचा उजवा हात मला सोडून आपोआप वर जाई. मी ओठांवरून घसरे. चाल तिथेच बुडे.

"अहो, पुन्हा सांडली का?" आजी स्वयंपाकघरातून विचारत.

"हात ऐकत नाही गं! जन्मभर त्याला एवढंच शिकवलंय."

असे कितीतरी दिवस चालले. शेवटी आजोबांनी मला टेबलावर ठेवून दिले. "जाऊ दे. हे आपलं काम नाही."

तेव्हा आजी पिठाचा रिकामा डबा आणि लाकडी चमचा घेऊन समोर येऊन बसल्या.

"तुम्ही फुंका. ढोल माझ्याकडे."

"अगं, कुठे मारायचं ते तुला कसं कळणार?"

"वा! इतकी वर्षं तुमच्या कार्यक्रमांना शेवटच्या रांगेत बसून मी काय चाल ऐकत होते? तुमचा ढम् कधी येतो, त्याचीच तर वाट बघत होते."

चाल सुरू झाली. ढोलाची जागा आली. डबा वाजला, आणि आजोबांचा हात माझ्यावरच राहिला. माझी एक काळवंडलेली पाती मध्येच खरखरली, पण चाल शेवटापर्यंत गेली. आजींनी ती सगळी ऐकली.

आता त्यांना माझे बारीक सूर ऐकू येत नाहीत. त्या आजोबांच्या गालांकडे बघत बसतात, आणि डबा बरोबर जागेवर वाजतो.

मित्रांनो, वाजवून झाल्यावर आम्हाला कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि तुमच्याही घरी एखाद्या खणात कोणी पडून असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. ज्यांना ऐकवायचे आहे, ते अजून ऐकत आहेत.