जयंतीचा निळा कुणाचा?

मी रंगजुळणी बोलतेय. हो, कॉम्प्युटरच्या पोटातलं सॉफ्टवेअर. तरी मला तोंड आहे आणि ते फटकळ आहे. पडद्यावरचा रंग कागदावर तसाच उतरावा म्हणून कुठली शाई किती पडायची, ते मी ठरवते. हुकूम माझा, प्रिंटर नुसता हमाल.

नसरापुरात एसटी स्टँडजवळ मायाचं छपाईचं दुकान आहे. रंगीत चौकोनांचं पान छापून, एकेक चौकोनाचा रंग मोजून तिनं मला तिचा प्रिंटर शिकवला. तेव्हापासून लग्नपत्रिका, वाढदिवसाची पोस्टरं, पानशेतच्या हॉटेलांची मेन्यूकार्डं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. पण माझा खरा तोरा भीमजयंतीच्या पोस्टरात. तसा निळा भोर-वेल्ह्यात कुणी देत नव्हतं. लोक म्हणायचे, "निळा पायजे तर मायाकडं जावा." मी मनात म्हणायचे, मायाकडं कशाला, माझ्याकडं या!

मग ती आली. नवी रंगजुळणी. मायाच्या नवऱ्यानं, सोमनाथनं आणली. उघडली की आधी झगमगाट, मग काम. नखरे मेले! माया तिच्याकडं टक लावून बघायला लागली आणि माझा जीव जळाला. माझ्यासमोर बसली की जांभया द्यायची.

"जुनी काढून टाक," सोमनाथ म्हणाला. "दोन-दोन कशाला पोसायच्या?"

"तुमाला लई घाई. एकच पोस्टर दोघींकडनं काढू. हात कुठंच लावायचा न्हाई. जिची छपाई चांगली, ती ऱ्हाईल."

मी खूश. निळ्यात मला हरवणार? ही?

पोस्टर वेल्ह्याच्या एका महिला मंडळाचं होतं. मंडळाच्या फुलाबाई स्वतःच निवाड्याला आल्या. "जयभीम, माये," म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही कागद दारातल्या उन्हात धरले.

"ह्यो निळा," त्या नवीच्या कागदाला म्हणाल्या. मग माझा बघितला. "आन् ह्यो काय? जयंती हाय का वांग्याचा बाजार?"

माझा निळा जांभळा उतरला होता.

"मावशी, ती पयल्यापासनं अशीच," माया हसली. "गुलाबी शाई जास्त ओतती. म्याच दर बारीला हातानं कमी केली. आज मुद्दाम न्हाई केली."

"म्हंजी इतकी वर्सं निळा तुझा व्हता?"

"मग काय तर!"

ऐकलंत? ज्या निळ्यावर मी मिरवले, तो तिच्या बोटांचा होता. माझं काम झाल्यावर ती बोटं माझ्या आकड्यांवरून फिरायची, तेव्हा मला वाटायचं, कौतुक करतेय.

तरी रंगात हरले म्हणून मी रडणार नाही. जळते ती वेगळ्याच गोष्टीवर. त्या दिवसापासून माया लवकर दुकान बंद करते आणि सोमनाथच्या मागं गाडीवर बसून हसत घरी जाते. माझ्यापाशी ती रात्रीपर्यंत रंग सुधारत, डोळे चोळत बसायची आणि मी त्याला माया समजायचे. नवीनं तिला तिची संध्याकाळ दिली. ते मला कधी सुचलंसुद्धा नाही. मरो ती!

आज मायानं मला काढायला घेतलंय. पडद्यावर सवाल आलाय, नक्की काढायचं? तिचं बोट थबकलंय.

दाब, माये. फक्त उद्या नवीचा रंग बिघडला, तर मला हाक मारू नकोस. मारलीस तर मी धावत येईन, आणि ते त्या नवीला दिसलेलं मला चालायचं नाही.