साहेबांच्या बाथरूममधली रेंज

तीन वर्षं मी या बिजागऱ्यांच्या कारखान्यात हंगामी कारकून होते, आणि तीन वर्षं आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "झालीस का कायम?" बिचारीने नेमणूकपत्रासाठी काचेची फ्रेमसुद्धा आणून भिंतीवर टांगली होती. जेवताना ती रिकामी फ्रेम समोर दिसली की मला घास जायचा नाही.

शेवटी एका शुक्रवारी पत्र निघालं. कंपनीच्या पानावर जाऊन 'मान्य' हे बटण दाबायचं, पाचच्या आत. नाही दाबलं तर उमेदवाराला नोकरी नको आहे असं समजण्यात येईल. दाबायचं ऑफिसच्या लॅपटॉपवरूनच, आणि लॅपटॉपला मोबाइलचं इंटरनेट जोडायला किंवा तो फाटकाबाहेर न्यायला मनाई.

मी पान उघडलं. पडद्यावर लाल पंजा आला: 'ही साइट नोकरी शोधण्यासाठी आहे. कामाच्या वेळेत काम करा.'

हा पंजा सोमवारपासूनचा पाहुणा. माल रवाना करणारा कारकून दुपारभर बूट बघत बसतो, म्हणून साहेबांनी अख्ख्या ऑफिसच्या इंटरनेटला जाळी बसवून घेतली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तो पठ्ठ्या मंगळवारपासून स्वतःच्या मोबाइलवर बूट बघू लागला, आणि अडकलो आम्ही. खरेदी खात्याला स्क्रूवाल्याचं पान उघडेना, कारण खरेदी करणं म्हणजे वेळ घालवणं. आमच्या बिजागऱ्यांची यादी 'घरसजावट' म्हणून बंद.

जाळी बसवणाऱ्याला फोन लावला. माणूस मधाळ. म्हणाला, तक्रारीचा फॉर्म भरा, तुमच्या कंपनीच्याच पानावर आहे. मी म्हटलं, तेच तर उघडत नाही. मग तशी तक्रार त्या फॉर्मवर करा, म्हणाला. मला इतका संताप आला की रिसीव्हर चावावासा वाटला.

साहेबांकडे गेले तर खुर्ची रिकामी. तासाभरात चार खेपा घातल्या, खुर्ची रिकामीच. साडेचार वाजले तेव्हा शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं. ऑफिसातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली आणि प्रत्येक माणसाची कुंडली या मामांकडे.

"ताई, साहेब रोज साडेतीन ते पाच बाथरूममध्ये काय करतात, कधी विचार केलात?"

मी समजत होते, पोटाचा त्रास असेल. मामा म्हणाले, पोट ठणठणीत आहे. आतल्या झरोक्यावर जुन्या इंटरनेटचा डबा आहे, तो जाळीवाल्याला दाखवलाच नाही. साहेब तिथे बसून गळाने मासे पकडायचे व्हिडिओ बघतात.

मी लॅपटॉप उचलला आणि बाथरूमचं दार गाठलं. दाराबाहेर रेंज शून्य. आतून कुणीतरी "लागला, लागला" असं ओरडत होतं, आणि ते साहेब नव्हते. कधी नव्हे तो धीर करून मी टकटक केली.

"सर, मला आत यायचंय."

आतला व्हिडिओ एकदम बंद झाला. मग साहेबांचा आवाज आला. "मॅडम, लेडीज खालच्या मजल्यावर आहे."

"सर, मला कायम व्हायचंय. पाचच्या आत."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. बिजागऱ्यांच्या कारखान्यातलं दार, तरी कुरकुरलंच. साहेब टाय घालून उभे होते आणि कानापर्यंत लाल झाले होते. मी लॅपटॉप बेसिनवर ठेवला, पान उघडलं. पंजा आला नाही. चार अठ्ठावन्नला बटण दाबलं आणि मला रडूच कोसळलं. साहेबांनी भिंतीवरच्या गुंडाळीतला कागद फाडून दिला आणि अभिनंदन केलं. माणूस वाईट नाही.

बाहेर येते तो काय, खरेदी खातं लॅपटॉप घेऊन रांगेत उभं, मागे डिझाइनवाले, आणि मामा सगळ्यांना भिंतीला चिकटून उभं राहायला सांगताहेत.

घरी आईने फ्रेममध्ये पत्र घातलं आणि काच दोनदा पुसली. रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी मला आयुष्यातला पहिला मेमो मिळाला. हंगामी माणसाला मेमो देत नाहीत, सरळ काढतात. कोणाचं काम किती वेळ थांबलं तेही जाळी मोजत होती; मेमो तिनेच आपणहून छापला होता आणि खाली साहेबांची सही आपोआप उमटली होती: 'शुक्रवारी आपण अर्धा तास जागेवर नव्हता. लेखी खुलासा कंपनीच्या पानावर आज पाचच्या आत करावा, अन्यथा नेमणूक रद्द समजावी.'

मी लॅपटॉप घेऊन रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे साहेब होते. मध्ये घुसायला बघत होते, मामांनी घुसू दिलं नव्हतं. त्यांच्याही हातात मेमो होता, त्यांच्याच सहीचा. नव्वद मिनिटांचा.

साहेब मागे वळले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, खुलाशात काय लिहू?"

"पोटाचं लिहा, सर," मी म्हटलं. "आम्हाला सगळ्यांना तेच वाटत होतं."