मानलेली बहीण

विजयश्रीताईंना माणूस जोडायला पाच मिनिटं पुरायची. समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आत त्या विचारायच्या, "गाव कुठलं तुमचं?" आणि गाव कुठलंही असो, तिथं त्यांची कुणी मैत्रीण, मावशी, गेलाबाजार मावशीच्या जावेचं माहेर निघायचंच. मग काय, परका माणूस घरचा झाला. मोशीला, पुणे-नाशिक रस्त्यावर, औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांनी नऊ वर्षं समुपदेशन केलं ते या हातोटीवर. चाकणच्या कंपन्यांत राबणारी बीड-लातूरकडची माणसं, ज्यांना मनाचा डॉक्टर म्हटलं की वेड्यांचं इस्पितळ आठवतं, तीसुद्धा त्यांचा जिना चढायची. ताईकडे जायला लाज कसली?

आता शास्त्र म्हणतं, समुपदेशकानं थोडं अंतर राखावं, नाती लावू नयेत. विजयश्रीताईंनी हे सगळं परीक्षेत लिहून पहिला वर्ग मिळवला होता. पण त्या म्हणायच्या, "पुस्तक लिहिणारा कुरुळीच्या चाळीत भाड्यानं राहत नव्हता. इथं अंतर राखलं, की माणूस आल्या पावली जिना उतरतो." त्यात खोटं काही नव्हतं. घोडं अडलं होतं ते भलतीकडेच, आणि ते कळायला त्यांना नऊ वर्षं लागली.

गेल्या वर्षी काम हाताबाहेर गेलं. नंबर लागायला दीड-दीड महिना. एका बाईनं फोनवर सुनावलं, "ताई, दीड महिना दम धरता आला असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता?" हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी शेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि दोन माणसं नेमली. दिव्या देहूरोडची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, बोलकी. ताईंचं बघून बघून त्यांच्यासारखंच बोलायला लागलेली. सुजित वाकडचा. आयटीवाल्यांसाठी त्यानं चार वर्षं हेच काम केलेलं. कमी बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. खाली पाटी लागली, आपुलकी समुपदेशन केंद्र, आणि तिच्यावर तीन नावं.

नावं तीन लावली म्हणून लोक तिन्ही वाचतात थोडेच. फोन आला की पहिलं वाक्य, "ताईच पाहिजेत." सुजितकडे एकदा गेलेला माणूस दुसऱ्या खेपेला ताईंच्या दारात उभा. त्या तोंडानं म्हणायच्या, "अहो, तेही माझ्याइतकेच चांगले आहेत," आणि मनातून सुखावायच्या. कुणाला आवडणार नाही? वर सुजितला शिकवण सुरू. "अरे, काका म्हण, दादा म्हण. बँकेत आल्यासारखं वाटतं त्यांना." सुजित म्हणायचा, "मॅडम, मला नाही जमत ते." बाकी सगळं केंद्र त्यांना ताई म्हणे, हा पठ्ठ्या मॅडमवरून हलला नाही.

ताईंच्या माणसांत सगळ्यात लाडका रोहिदास. केज तालुक्यातला, म्हणजे ताईंच्या अंबाजोगाईच्या शेजारचाच. चाळिशीचा, कुरुळीत दोन खोल्यांत बायको आणि मुलगी घेऊन राहणारा. प्रेस मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्यानंतर त्याला झोप लागेना, मशीनचा धाडकन आवाज झाला की घाम फुटायचा. ताईंनी त्याला त्यातून बाहेर काढलं, ते श्रेय त्यांचंच. कंपनीनं त्याला मशीनवरून उचलून पॅकिंगला टाकलं, तेही त्यानं गिळलं असं ताईंना वाटत होतं. दोन वर्षं तो दर पंधरवड्याला यायचा आणि म्हणायचा, "बरंय ताई. तुमच्यामुळं झक्कास चाललंय." बायको पद्मा दोनदा आली होती. ताईंना वन्सं म्हणून वाकून पाया पडली होती, आणि घरचं सगळं बरंय म्हणाली होती.

मार्चमध्ये ताईंची आई घरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ताई महिनाभर अंबाजोगाईला जाऊन राहिल्या. जाताना त्यांनी आपली माणसं वाटून दिली आणि रोहिदास सुजितच्या वाट्याला गेला. चार आठवड्यांचा तर प्रश्न, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

परत आल्या, वही उघडली, तर पुढचे चारही गुरुवार रोहिदासचं नाव सुजितच्या रकान्यात.

"रोहिदासला माझ्याकडे घाल परत," त्या म्हणाल्या.

"त्यांनीच माझ्याकडे वेळ मागितलीय, मॅडम."

"कशासाठी?"

"ते स्वतःच तुम्हाला सांगणार आहेत. तसं कबूल केलंय त्यांनी. मी सांगणं बरोबर नाही. थोडे दिवस द्या त्यांना. आणि त्यांच्या मिसेस येणार आहेत, दिव्याकडे."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन वर्षं मी रक्त आटवलं, आणि ज्याला साधं दादा म्हणता येत नाही तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय. उद्या सगळेच असे गेले तर माझं काय राहिलं इथं? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, पण त्या रात्रभर तळमळल्या, आणि सकाळी त्यांनी जे करायला नको होतं ते केलं. रोहिदासला फोन लावला.

"काय रे, ताईवर रुसलास होय?"

तो म्हणाला, "न्हाई ताई. तुमच्यावर कसा रुसंन?"

"मग गुरुवारी माझ्याकडे ये."

"येतो. तुमी म्हणाल तसं."

बहिणीनं हाक मारल्यावर भाऊ जातो कुठं. ताई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

गुरुवारी रोहिदास आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "बरंय ताई." नजर वर उचलली नाही. ताईंनी विचारलं, "सुजितशी काय बोलायचास एवढं?" तर म्हणाला, "काय न्हाई, असंच." ताईंनी आणखी खोदलं नाही. माणूस परत आला होता, एवढ्यावर त्या खूश होत्या.

सुजितला कळलं तेव्हा तो त्यांच्या खोलीत येऊन उभा राहिला. "तुम्ही त्यांना फोन केलात?"

"केला. माझा माणूस आहे तो."

"निदान मिसेसचं दिव्याकडचं राहू द्या, मॅडम. तेही त्यांनी रद्द केलंय."

"पद्माचं काही असेल तर ती मला सांगेल. वन्सं म्हणते ती मला," ताई म्हणाल्या. सुजित आपल्या खोलीत निघून गेला.

त्या गुरुवारनंतर बाराव्या दिवशी, मंगळवारी भर दुपारी, पद्मा एकटीच जिना चढून आली. डाव्या मनगटाला प्लास्टर.

"अगं बाई, हे काय झालं?" ताई धावल्या.

पद्मा पाया पडायला वाकली नाही. "वन्सं, त्यांना त्या साहेबाकडं परत धाडा," ती म्हणाली.

"हाताला काय झालं ते आधी सांग."

"पॅकिंगला टाकलं तवापासनं चालूच हाय. कदी चापट, कदी ढकलून द्यायचं. ह्या बारीला उंबऱ्यावर पडले." बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुमी गावाला होता तवा त्यांनी त्या साहेबाला समदं सांगितलं. पयल्यांदा कुणाला तरी सांगितलं. घरी येऊन मला म्हणले, आता तूबी त्या मॅडमकडं जा, तुझं तू सांग. साहेबानं त्यांना शिकवलंतं, राग आला की चपला घालायच्या आन बाहेर पडायचं. निघायचे, पार महामार्गापत्तुर चालत जायचे. महिनाभर अंगाला हात न्हाई लावला. मग तुमचा फोन आला."

ताईंनी विचारलं, "अगं, मग मला का नाही सांगितलंस? दोनदा आलीस ना इथं?"

"तुमी इचारायच्या, माझा भाऊ नीट वागतो ना. मी काय सांगावं? नणंदेपुढं भावाची कागाळी कुणी करतं का? तूच काहीतरी केलं असशील, असंच म्हणत्यात नणंदा."

"मी तसं म्हणाले असते का, पद्मा?"

पद्मानं थोडा विचार केला. "नसता म्हणल्या. पर मला कसं कळावं?" मग म्हणाली, "त्यांचं तर तोंडच बंद. म्हणायचे, ताईला कळलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई उरायची. तुमच्याकडं यायचं म्हणून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. तुमच्याम्होरं बरं दिसायचं असायचं त्यांना. दोन वर्षं मी ती इस्त्री केली, वन्सं."

नऊ वर्षांत किती जण आपल्यापुढच्या खुर्चीत बसून "बरंय ताई" म्हणून गेले असतील, हे ताईंच्या मनात आलं आणि त्यांना खरोखरच भीती वाटली. जी माया त्यांना आपली कमाई वाटत होती, तिनंच या दोघांच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. आणि किल्ली घेऊन त्या मिरवत बसल्या होत्या. पद्माला जवळ घ्यावं, माफी मागावी, रोहिदासला आत्ताच्या आत्ता फोन करून त्याची खरडपट्टी काढावी, असं सगळं एकदम वाटून गेलं. फोन हातात घेतलासुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं, की यातलं प्रत्येक काम नणंदेचं आहे. त्यांनी फोन खाली ठेवला.

"आज राहणार कुठं तू?"

"सख्ख्या भावाकडं आलेय, देहूरोडला. लेक हाय संगं."

"बरं केलंस. चल, आत बस माझ्याकडे. नीट बोलू."

"न्हाई," पद्मा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिव्या मॅडमकडं बसू द्या मला. त्यांचं माझं काय लागत न्हाई."

दिव्याकडे आत कुणीतरी होतं, पाच मिनिटं बाकी होती. पद्मा बाहेरच्या बाकावर बसली. ताईंनी तिला पाणी दिलं, शेजारी बसावं की नाही ते त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या सुजितच्या खोलीत गेल्या. तिथं जाताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवावंसं वाटलं.

"रोहिदासला परत तुझ्याकडे घे," त्या म्हणाल्या. "चूक माझी झाली. फोन तू कर, मी करत नाही."

"आत्ताच करतो."

"मी काय सांगू त्याला?"

सुजितनं मान वर केली. रागावलेला असावा, पण बोलला सरळच. "काही नका सांगू, मॅडम. ते भेटलेच तर बोलावू नका, रागावूही नका. तुम्ही रागावलात तरी ते तुमच्यासाठीच सुधारायला बघतील. मला ते त्यांच्या घरासाठी सुधारायला हवेत."

ताईंनी मान डोलावली. त्या बाहेर आल्या. तेवढ्यात दिव्याकडची बाई जिना उतरून गेली, आणि दिव्या हसतमुखानं दारात आली. ताईंनीच सहा महिने हे स्वागत घोटून घेतलं होतं तिच्याकडून.

"या ना वहिनी, आत या. गाव कुठलं तुमचं?"

उठलेली पद्मा जागच्या जागी थांबली.

"दिव्या," ताई घाईनं म्हणाल्या, "वहिनी नको. गावही नको विचारू. पद्मा म्हणून आहेत त्या. त्यांना बोलायचंय."

दिव्याला काही उमगलं नाही, पण पोरगी शहाणी. तिनं पद्माच्या हाताकडे पाहिलं, ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बाजूला होत म्हणाली, "या पद्मा, बसा. मी ऐकतेय."

पद्मा आत गेली. तिनं चांगल्या हातानं दार लावून घेतलं. विजयश्रीताई बाकावर बसल्या, अगदी टोकाला. आतून पद्माचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग ती रडायला लागली. दोन वर्षांत ताईंपुढे ती कधी रडली नव्हती. ताई उठल्या नाहीत. कोणी जिना चढून आलं आणि विचारलं, "ताई आहेत का?" तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "थांबा जरा. आत त्या बोलतायत."