गुरुवारचा खण

“आजची गोळी कुठाय?” सुनेने डबी खिडकीच्या उजेडात धरली. “गुरुवारचा खण रिकामा आहे.”

नाताळच्या झाडाखाली ठकू फतकल मारून बसली होती. वय वर्षं दीड आणि वर दोन महिने. आजोबांची गोळ्यांची डबी तिने कोचावरून कधी ओढली, कुणालाच पत्ता नव्हता. सून स्वयंपाकघरात केकवर क्रीम फासत होती, मुलगा दिव्यांच्या माळेतला विझलेला दिवा शोधत होता, आजी भेटवस्तूंवर नावं लिहीत होती. सात वारांच्या सात खणांपैकी शुक्रवार-शनिवारच्या झाकणांना हात लागला नव्हता. गुरुवारचं तेवढं सताड उघडं होतं.

मुलाने ठकूच्या तोंडात बोट घातलं. “आ कर, ठकू. मोठा आ!” तिला तो खेळ वाटला. ती बोटाला चावली आणि खिदळली. तोंडात काही नव्हतं. कोचाखाली, गालिच्याखालीही नव्हतं.

मग सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं.

“बाबा, सकाळची गोळी घेतलीत ना तुम्ही?”

आजोबांनी चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपरचं काम केलं होतं. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटली, कोणता ड्रायव्हर तीन मिनिटं उशिरा आला, हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. डेपोतले लोक त्यांना ‘घड्याळ’च म्हणायचे. आता त्या माणसाने सकाळचे आठ आठवून पाहिले. चहा आठवला. ठकू मांडीवर चढली, चष्मा ओढला, तेही आठवलं. पाण्याचा पेला हातात होता. पण तो गोळीसाठी होता की नुसत्या तहानेसाठी? तिथे पांढरं धुकं होतं. उन्हाळ्यापासून असं धुकं अधूनमधून उतरत होतं आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

त्यांच्याऐवजी तीच बोलली. “घेतली रे! आठच्या ठोक्याला घेतात ते. इकडची दुनिया तिकडे झाली तरी चुकायचे नाहीत.”

“हुश्श!” मुलगा तिथेच जमिनीवर बसला. “जीवच गेला होता माझा.” सून हसली, डबी कपाटावर ठेवून पुन्हा केककडे वळली. माळ लागली. कुणीतरी गाणी सुरू केली.

आजोबांनी स्वतःला समजावलं. घेतलीच असणार. रोज घेतो, मग आज का नाही? पण ती हृदयाचे ठोके आवरणारी गोळी होती. औषधांच्या दुकानदाराने एकदा बजावलं होतं, ‘घरात लहान मूल असेल तर जपा, एकसुद्धा भारी पडते.’ त्यांच्या स्वतःच्या घरी लहान मूल नव्हतं. डबी हवी तिथे पडलेली असायची, तशीच ती इथे मुलाकडेही पडली होती.

ठकूने जांभई दिली. मग डोळे चोळले.

दहा वाजायचे होते. ती दुपारी एकच्या आधी कधी पेंगत नसे, हे काल सुनेनेच सांगितलं होतं. टाइमकीपरने घड्याळाकडे पाहिलं. आत्ता बोललं तर सगळं बाहेर येईल. चुकलेला रस्ता, चालू राहिलेला गॅस, बँकेत न आठवलेलं स्वतःचं नाव. नाही बोललं तर…

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

गाण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. ते उठले, गाणं बंद केलं. “गोळी मी घेतली की नाही, मला आठवत नाही. अलीकडे बरंच आठवत नाही. पोरीला दवाखान्यात न्या. आत्ता!”

सुनेच्या हातातली सुरी ओट्यावर पडली. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

दवाखान्यात ठकूच्या इवल्या छातीवर तारा जोडलेल्या तीन चकत्या चिकटवल्या. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली. डॉक्टरांनी साखर तपासली, रक्तदाब घेतला. “आत्ता ठीक आहे. पण गोळी गेली असेल तर परिणाम दिसायला वेळ लागतो. सहा तास इथून हलायचं नाही.”

ठकू झोपली. ती नेहमीची झोप होती की गोळीची गुंगी, ते कळायला मार्ग नव्हता. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी तिला टिचकी मारून जागं करायची. ती रडली की सगळ्यांना बरं वाटायचं. एकदा पडद्यावरचा आकडा एकशे दहावरून अठ्ठ्याण्णववर आला, मग ब्याण्णव. सिस्टर झपकन वाकली. आजी पुटपुटत असलेली प्रार्थना मधेच तुटली. टिचकी बसली, ठकूने भोकाड पसरलं, आकडा चढला.

“गाढ झोपेत उतरतात ठोके,” सिस्टर म्हणाली. पण तीही खुर्ची ओढून तिथेच बसली.

सून बाहेर, आजोबा बसले होते त्या बाकाकडे आली. सासऱ्यांच्या शेजारी नाही, समोर उभी राहिली.

“पाच मिनिटं, बाबा. पाच मिनिटं गप्प बसलात तुम्ही.”

“सात,” ते म्हणाले. “सात मिनिटं झाली होती.”

तिला ओरडायचं होतं. पण ती आत निघून गेली.

मग बायको येऊन टेकली. “मला का नाही सांगितलं?”

“तू घाबरली असतीस.”

“आणि तुम्ही? तुम्ही एकटेच घाबरत होतात होय, इतके महिने?”

त्यांनी मान हलवली. तिने त्यांचा थंड हात आपल्या शालीत ओढून घेतला.

चार वाजता डॉक्टरांनी चकत्या काढल्या. पोर ठणठणीत होती. गोळी कुणाच्या पोटात गेली, ते कधीच कळलं नाही. जाताना डॉक्टरांनी एका कागदावर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. तो कागद मुलाच्या नाही, आजोबांच्या हातात दिला. “तुम्ही बोललात म्हणून ती इथे आली. आता तुमच्यासाठी जाऊन या.”

घरी केकवरचं क्रीम पिवळं पडलं होतं. कुणाला भूक नव्हती. ठकूला मात्र नवा दिवस उजाडल्यासारखं झालं होतं. झाडाखालचं सगळ्यांत मोठं खोकं फरफटत ती आजोबांसमोर आली आणि दोन्ही हात वर केले.

“आबा, घे.”

त्यांचे हात पुढे गेले आणि अर्ध्यावर थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. स्वतःच्या नातीला उचलायला त्यांनी आजवर कुणाची परवानगी घेतली नव्हती.

सुनेने रुमाल काढला. मग पोरीचं नाक पुसलं, तिला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“घट्ट धरा.”

“हो.”

सून मात्र तिथून हलली नाही. त्यांच्याजवळ गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि एका हाताने खोक्याचा कागद फाडू लागली. दुसरा हात तिने ठकूच्या पाठीवरच ठेवला होता. त्यांना तो दिसला. त्यांनी आपला हात थोडा सरकवून त्या हाताला जागा करून दिली.