चोपण कोपरा

उत्तरेश्वरनं साडीचं टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी बाभळीच्या खुंटाला सुतळीचा वेढा दिला. गाठ बसल्यावर टोक सोडलं. तोंडात डांबरगोळीचा वास उतरला होता. कुणाच्या तरी कपाटातला. तो बाजूला थुंकला.

आष्टीच्या बाजारात अशा जुन्या साड्या किलोवर मिळत. त्या रानाभोवती बांधल्या की वाऱ्यानं फडफडत आणि हरणं बुजत. शिवारातल्या निम्म्या रानांना आता साड्या होत्या. लांबून बघितलं तर बांधाबांधावर बायका ओळीनं उभ्या आहेत असं वाटायचं.

"आबा, ह्या फडक्यांनी काय व्हत न्हाई," परमेश्वर, त्याचा मुलगा, मागून म्हणाला. "झटका मशीन बसवू. तारेला नाक लागलं की हरिण पुन्यांदा ह्या शिवारात यायचं न्हाई."

"आधी साड्या बघू."

"आन् न्हाई चालल्या तर?"

"मग बसव तुझं मशीन."

तीन बाजू झाल्या. चौथी, गायरानाकडची, निम्मी झाली आणि साड्या संपल्या. उघडा राहिला तो पश्चिमेचा कोपरा. उत्तरेश्वर तिथं उभा राहून कोपऱ्याकडं बघत राहिला. ह्या कोपऱ्यानं त्याला आयुष्यभर छळलं होतं. सगळं रान हिरवंगार, आणि इथं दरवर्षी हरभरा खुरटायचा.

"चोपण जमीन हाय ती," केशरबाई म्हणायची. "किती बी घाला, तिथं काय येत न्हाई."

केशरबाई त्याची बायको. त्यानं तिचं ऐकलं नाही. सगळ्यात जास्त शेणखत त्यानं ह्याच कोपऱ्यात टाकलं. दोनदा तिथली माती तपासायला पाठवली. दोन्ही वेळा माती चांगली असल्याचं उत्तर आलं. त्यावर तो महिनाभर सांगत फिरला, की त्या लोकांनी पुडी उघडूनसुद्धा बघितली नसणार.

आखाडात एका दुपारी केशरबाईच्या छातीत कळ आली. नगरला नेता नेता कडा गावाच्या पुढं तिनं मान टाकली. तेव्हापासून दूध घालायला डेअरीवर परमेश्वर जात होता. आधी ते काम उत्तरेश्वरचं होतं. तो दूध घेऊन जायचा आणि तेवढा वेळ केशरबाई रान राखायची. परत येताना चिंचेच्या वळणावर तो गाडीचा हॉर्न वाजवायचा, म्हणजे तिनं रानातल्या चुलीवर चहा ठेवावा. तो रानात पोचायचा तेव्हा ती पदर खोचून, हातात गोफण घेऊन उभी असायची. जरा दम लागलेला असायचा.

"एक बी फिरकलं न्हाई," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो डेअरीवर हे सगळ्यांना ऐकवायचा. माझ्या रानात हरिण पाय टाकत नाही म्हणायचा.

गोठ्यातल्या खुंटीवर तिच्या रानात नेसायच्या दोन साड्या अजून तशाच होत्या. एक जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. एक हिरवी, पार विटलेली. योगितानं, त्याच्या लेकीनं, घरातल्या चांगल्या साड्या नेल्या. ह्या दोन्हींकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. उत्तरेश्वरनं त्या काढल्या. शेणाचा, धुराचा, घामाचा वास होता. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याला वाटलं, एवढी वर्षं तिनं रान राखलं, आता तिच्या साड्या राखतील. बरं वाटलं त्याला. पुष्कळ दिवसांनी काहीतरी बरं वाटलं.

जांभळी आणि हिरवी त्यानं कोपऱ्याला बांधली.

दोन दिवसांनी तो सकाळी रानात गेला, तर कोपऱ्यातला हरभरा खुडलेला. मातीत खुरांच्या जोड्या, ताज्या लेंड्या. बाकी तिन्ही बाजूंना एक घाटाही हललेला नव्हता. साडी ढिली झाली असेल म्हणून त्यानं ती ताणून, खाली ओढून बांधली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच.

डेअरीवाला हरिबा कॅन घेऊन रस्त्यानं चालला होता. त्यानं गाडी थांबवली.

"काय बे, वहिनीची साडी लावली व्हय तिथं?"

"व्हय."

"मग हरणं ऐकतील का? तू तरी कुठं ऐकत हुतास तिचं." हरिबा हसला. मग हसू आवरून म्हणाला, "खुंट हालत असंल बघ तिथला."

ते उत्तरेश्वरला पटलं. त्यानं कोपऱ्यात नवा खुंट ठोकला. दक्षिणेच्या अंगाच्या बाजारच्या दोन साड्या सोडून तिथं आणल्या, आणि केशरबाईच्या दोन्ही नेऊन दक्षिणेला बांधल्या.

सकाळी कोपरा शाबूत होता. दक्षिणेला, बरोबर जांभळ्या साडीखालून, खुरांची वाट आत गेली होती.

उत्तरेश्वर उकिडवा बसला. त्यानं साडी हातात घेतली, उलटून बघितली. कुठं फाटलेली नव्हती. नाकाला लावली. शेजारची बाजारची साडी नाकाला लावली. पुन्हा जांभळी लावली. मग कुणी बघतंय का म्हणून आजूबाजूला बघितलं.

"आबा," परमेश्वर जेवताना म्हणाला, "मशीनवाला उद्या येतो म्हणतोय."

"परवा बोलव."

"परवा काय व्हणार हाय?"

उत्तरेश्वरनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. काय होणार ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला तो घोंगडं पांघरून कडब्याच्या गंजीआड बसला. मांडीवर गोफण, गोफणीत धोंडा. गार वारा गायरानाकडून येत होता. बाजारच्या साड्या फडफडत होत्या. तिच्याही फडफडत होत्या. त्यात काही फरक नव्हता.

आधी काळवीट आलं. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळाची. ते लांबच उभं राहिलं. त्याच्या मागून माद्या आल्या, तपकिरी, हलक्या पायांच्या. एकीच्या पायाशी पिल्लू. त्या बाजारच्या साड्यांपाशी आल्या, कान टवकारले, मागं सरल्या. मग साड्यांच्या कडेकडेनं चालत जांभळ्या साडीपाशी आल्या. पुढच्या मादीनं साडीला नाक लावलं. उत्तरेश्वरनं लावलं होतं तसंच. आणि डोकं खाली घालून ती आत आली.

गोफणीची दोरी त्याच्या बोटात होती. त्यानं हात उचलला आणि तो तसाच राहिला.

एवढ्या वर्षांत त्यानं हरणांच्या पाठीच बघितल्या होत्या. आरोळी, धोंडा, आणि पळत जाणाऱ्या पाठी. समोरून हरणाचं तोंड त्यानं कधी बघितलंच नव्हतं. डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ असतं. चावताना जबडा आडवा हलतो. पिल्लू खात नाही, नुसतं पाल्याला तोंड लावून बघतं आणि मग एकदम काहीच कारण नसताना चारी पायांवर उडी मारतं. पिल्लानं पुन्हा उडी मारली तेव्हा उत्तरेश्वरच्या तोंडून हसू फुटलं. त्या आवाजाचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. माद्यांनी मान वर केली, त्याच्या दिशेनं बघितलं. पळाल्या नाहीत.

"हाका की भावजी!"

आवाजासरशी सगळी हरणं उडाली. साडीखालून, साडीवरून, क्षणात गायरान गाठलं. उत्तरेच्या बांधावर सुंदरबाई उभी होती, त्याच्या शेजारच्या रानाची मालकीण. काखेत टोपलं.

"गोफण हातात घिऊन काय फोटो काढायचा हुता का?" ती जवळ आली आणि तिचं लक्ष जांभळ्या साडीकडं गेलं. ती थांबली. "अगं बया. ही बांधली व्हय."

"काय झालं?"

"काय न्हाई."

"वैनी, ह्या साडीला हरणं बुजत कावून न्हाईत?"

सुंदरबाईनं टोपलं खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं, पुसायला काही नसताना.

"आता अक्काच न्हाई राहिली, तर कुणाची चोरी," ती म्हणाली. "वळखीची हाय ती साडी त्यांच्या. तुमी डेअरीला गेलं की अक्का त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. बांधाला पाठ लावून. हरणं यायची, खायची. अक्का तिथंच बसल्याली. हाताच्या अंतरावर."

"राखायची ती."

"राखायची की. कोपऱ्याच्या पुढं कुणी पाय टाकला की बांगड्या वाजवायची. लगीच माघारी. म्हातारी शाळा शिकवती का काय असं वाटायचं."

उत्तरेश्वरनं कोपऱ्याकडं बघितलं. मग सुंदरबाईकडं.

"मग ती चोपण जमीन?"

सुंदरबाईला हसू आलं. तिनं ते गिळलं. "जिमिनीला काय धाड भरलीय भावजी. तुमी एवढं खत घालायचा, त्यानंच हरभरा गोड लागत असंल त्यांना."

"तुमाला ठावं हुतं."

"हुतं. त्यांचं पोट इथंच भरायचं, माझ्या रानात येत नव्हती. मी कशाला बोलू?" ती सरळ म्हणाली. मग जरा थांबून, "एकदा म्हणलं बी मी अक्काला. अगं, सांग की नवऱ्याला. तर म्हणली, न्हाई गं. सांगितलं तर ते गोफण घिऊन बसतील, न्हाईतर माझ्याजवळ यिऊन बसतील. दोन्ही नको."

"दोन्ही नको?"

"असं म्हणली."

"गोफणीचं कळलं. दुसरं कावून नको?"

"ते मी काय सांगू?" सुंदरबाईनं टोपलं उचललं. "मी न्हाई इचारलं."

ती गेल्यावर उत्तरेश्वर बराच वेळ तिथं होता. गोफणीतला धोंडा काढून त्यानं बांधावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. वळणावर तो हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकून ती उठत असणार. बांगड्या वाजवून त्यांना घालवत असणार, पदर खोचत असणार, चुलीवर आधण चढवून गोफण हातात घेत असणार. दम लागलेला असायचा तिला. तो म्हणायचा, एवढं पळू नको त्यांच्यामागं, वय झालंय आता. ती म्हणायची, बरं.

तो तिच्याशी वाईट वागला नव्हता. हे त्यानं मनात दोनदा म्हणून बघितलं. कधी हात उगारला नाही, कधी माहेर काढलं नाही. शेजारी बसला असता तर काय झालं असतं? तो बोलला असता, एवढंच. नक्कीच बोलला असता. ते काळवीट किती वर्षांचं, ह्या मादीला काय खोड आहे, मागं आमच्या आज्यानं काय केलं.

ऊन तापल्यावर तो उठला. दक्षिणेची जांभळी आणि हिरवी सोडून पुन्हा पश्चिमेच्या कोपऱ्याला बांधली, पहिल्यांदा होती तिथंच. मग कोपऱ्यातल्या बाजारच्या साड्या काढून आतल्या अंगानं आडव्या बांधायला घेतल्या, कोपरा आणि बाकीचं रान ह्यांच्या मधून. दक्षिणेच्या मोकळ्या जागेसाठी घरातून गोणपाटाची जुनी चवाळी आणली.

परमेश्वर आला तेव्हा शेवटची गाठ राहिली होती.

"आबा, हे काय? कोपरा भायेर ठिवला?"

"व्हय."

"कावून?"

"चोपण जमीन हाय ती. तिथं काय येत न्हाई." उत्तरेश्वरनं सुतळी ओढली. "तुझी आई सांगायची न्हाई का?"

"सांगायची. पण तुमी कवा मानलं?" परमेश्वरनं जांभळ्या साडीकडं बोट केलं. "आन् काय येत न्हाई तर तिथं आईची साडी कशाला?"

"असू दे."

"मशीनवाल्याला काय सांगू?"

"साड्या चालल्या म्हणून सांग."

 परमेश्वर खिशातून मोबाइल काढून बांधाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे परमेश्वर गाडीला दुधाचा कॅन अडकवत होता, तेव्हा उत्तरेश्वर टोपी घालून बाहेर आला.

"सर बाजूला. मी जातो आजपून."

"मग रान कोण राखंल? मी जाऊ का तिकडं?"

"कुणी जायचं न्हाई. मी येस्तोवर कुणीच जायचं न्हाई."

डेअरीवर हरिबानं दूध मापलं आणि विचारलं, सापडला का रोग. उत्तरेश्वर म्हणाला, खुंटच हालत होता. हरिबा म्हणाला, बघ, मी म्हणलो नव्हतो! तो खूश झाला आणि त्यानं चहा मागवला. उत्तरेश्वरनं चहा सावकाश घेतला. एरवी तो बशीत ओतून दोन घोटांत संपवायचा.

परत येताना वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. दोन्ही नको. गाडीच्या आवाजात तो ते पुन्हा पुन्हा घोळवत होता आणि त्याचा अर्थ नीट लागत नव्हता.

चिंचेच्या वळणावर त्यानं हॉर्न वाजवला.

इथून कोपरा दिसत नव्हता. त्यानं गाडी बंद केली, एक पाय रस्त्यावर टेकवला. कुणाला उठायला, पदर खोचायला, आधण चढवायला आणि गोफण घेऊन उभं राहायला लागेल तेवढा वेळ तो थांबला.

मग आणखी थोडा थांबला.