पडद्याखालची पाटी

पडद्याखालून पाटी सरकत आली. झुलाल मास्तरांनी ती उचलली आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

‘माय फादर-इन-लॉ इज इन द शॉप. दे आर रीडिंग.’

“पुन्हा तेच! सूनबाई, सासरे एकच ना? इंग्रजीत एका माणसाला ‘ही’, अनेकांना ‘दे’. आधी कोणाबद्दल लिहिलं ते बघायचं, मग सर्वनाम त्याच्या मापाचं घ्यायचं.”

पडद्याआडून उत्तर आलं ते सासूचं, सुगनबाईंचं. “मास्तर, सासऱ्याले अरेतुरे करीन का ती?”

“इंग्रजीत राजालाही ‘ही’च म्हणतात, अक्का.”

“मंग त्या राजाच्या घरी सून नसीन.”

मास्तर हसले. आत सून लाडकुंवर हसली की नाही, कळलं नाही. सासऱ्यापुढे, परक्या पुरुषापुढे ती बोलत नसे. सावद्याच्या त्या घराची रीतच तशी. नऊ महिने मास्तर शाळा सुटल्यावर शिकवायला येत होते, पण तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. अक्षर तेवढं ओळखीचं झालं होतं. पेन्सिल दाबून लिहिलेलं असलं की घरात काही बिनसलंय, झरझर लिहिलेलं असलं की मन बरं आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं गेला. आता मॅट्रिक व्हायचं, धुळ्याला मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं, एवढी एकच वाट तिच्यापुढे होती. मास्तर हो म्हणतील तर फॉर्म भरू, असा सासऱ्यांचा शब्द होता.

पाटी आत गेली आणि दुरुस्त होऊन परत आली. त्यानंतर मास्तरांनी सांगितलेली दहाही वाक्यं बरोबर आली. तेवढ्यात सासरे, माणकचंद शेठ, दुकानातून मागच्या खोलीत आले.

“मास्तर, उद्या फॉर्माची शेवटची तारीख. आपल्याले इंग्रजीतलं काय कळते? तुमीच सांगा, होईन का पास?”

तीस वर्षांत मास्तरांनी कुठल्याच विद्यार्थ्याला त्याच्या देखत हुशार म्हटलं नव्हतं. दृष्ट लागते, पोर शेफारतं, असं त्यांना वाटे. जीभ त्याच वळणानं गेली.

“चुकते अजून. सर्वनामं कच्ची आहेत. फार मेहनत पाहिजे.”

गावातले आईबाप याला शाबासकी समजत. शेठ मात्र कापडवाले, गज म्हटला की गज.

“खरं सांगितलं, बरं झालं. नापास झाली तर चार लोक हसतीन. राहू द्या मंग.”

“शेठजी, तसं नाही. ती पास होईल. मी सांगतो ना!”

“आता माझं मन राखू नका, मास्तर.”

शेठ दुकानात गेले. गिऱ्हाइकापुढे छिटाचा तागा उलगडल्याचा आवाज आला.

मास्तर बसून राहिले. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. थोड्या वेळानं पाटी आली. अक्षर दाबलेलं नव्हतं, झरझरही नव्हतं. नुसतं लिहिलेलं होतं.

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. मग दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “सगळं बरोबर आहे, सूनबाई. फार हुशार आहात तुम्ही.”

दुकानातून कोणी आलं नाही.

मास्तरांनी पाटी पडद्याखालून आत सरकवली. ती कोणी उचलली नाही. जरा वेळानं आत गहू पाखडणं सुरू झालं. सूप वर जाई, खाली येई, ना घाईनं, ना थांबून.