ब्रेकला प्रसाद

डोळे मिटा पाहू. तुम्ही एका उंच पिकअप ट्रकमध्ये मागच्या सीटवर मधोमध बसला आहात. समोर आबा गाडी चालवताहेत, त्यांच्या शेजारी आजी आहे. मान वळवून काचेतून पाहिलं, तर चाकांवरचं एक पांढरं घर, म्हणजे ट्रेलर, तुमच्या मागोमाग येतंय. आत पलंग, शेगडी, सिंक, सगळं आहे आणि ते हत्तीएवढं जड आहे. आता रस्ता उताराला लागतो. तुम्ही थांबायचं ठरवलं, तर त्या घरालाही थांबता यायला हवं, नाही का?

त्यासाठीच आबांनी ती डबी बसवली होती.

दहा वर्षांच्या आन्याला त्या डबीची सगळी माहिती होती. अमेरिकेतल्या कॅरी गावात, घरासमोर दोन शनिवार ती टॉर्च धरून उभी राहिली होती आणि तिचे प्रताप आबा, रिटायर्ड इंजिनिअर, स्टिअरिंगखाली डोकं घालून तारा जोडत होते.

"हे बघ," आबा आतूनच सांगत होते, "ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात. पण ते कधी लावायचे हे बिचाऱ्याला कळत नाही. मी इथे पाय दाबला, की ही डबी तारेतून मागे निरोप पाठवते."

"लाइक अ टेक्स्ट?"

"टेक्स्टच. फक्त वाचून गप्प बसलेलं चालत नाही."

ती तार ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या एका गोल खोबणीपर्यंत जात होती. खोबणीला झाकण होतं. झाकण उघडायचं, ट्रेलरचा जाड प्लग आत बसवायचा, की डबीवर हिरवा दिवा. निरोप पोचत नसेल तर दिवा लाल.

नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर न्यायची नाही, हा सुहासिनी आजीचा कायदा. त्यामुळे सहलीला निघायच्या दिवशी सकाळी डबीला कुंकवाचं बोट लागलं आणि ट्रकपुढे नारळ फुटला.

"ब्रेकला कुंकू!" आबा हसले. "आता तो लाजून थांबेल."

"तुमचं इंजिनिअरिंग तुमच्यापाशी. नारळ माझा."

"बरं. पण सुहास, तुझ्या पूजेपायी माझी एक जरी वायर बिघडली, तर या घरात पुन्हा गाडीची पूजा नाही. कबूल?"

"कबूल!" आजी म्हणाली आणि नारळाच्या पाण्याची वाटी तिने आन्याच्या हातात दिली. "जा, चारही चाकांवर शिंपड."

आन्याने चारही चाकांवर शिंपडलं. वाटीत थोडं उरलं. मग तिला वाटलं, पूजा तर नव्या ब्रेकची आहे आणि त्याला काहीच मिळालं नाही. तिने बंपरखालचं झाकण उचललं आणि उरलेलं पाणी त्या खोबणीत ओतलं. झाकण पुन्हा बंद झालं. कोणी पाहिलं नाही. पाच मिनिटांनी आबांनी तिथेच प्लग बसवला. दिवा हिरवा लागला. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी ब्रेक लावून पाहिले; मागून कोणीतरी शेपटी धरावी तसा ट्रक थबकला. आबा खूश झाले.

चार तास सगळं छान होतं. मग डोंगर आले, आणि आन्याला दिवा लाल दिसला.

ती पुढे झुकली. हिरवा. तिला वाटलं, आपल्याला भास झाला. पुन्हा लाल. आबांचे डोळे रस्त्यावर होते, आजी संत्रं सोलत होती. आन्याला सकाळची वाटी आठवली. सांगावं का? सांगितलं, तर आजीची पूजा कायमची बंद. आणि आता हिरवा आहे की! आहेच हिरवा. तिने श्वास रोखून धरला, जणू तिच्या श्वासानेच तो विझणार होता.

उताराची पाटी आली: पुढे सहा मैल तीव्र उतार. लगेच दुसरी पाटी आली. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने आत शिरून थांबावं म्हणून केलेल्या वाटेची. खडीचा एक जाड पट्टा झाडांत चढत गेला होता आणि त्यात कुणाच्या तरी चाकांच्या खोल, ताज्या चाकोऱ्या होत्या.

"आबा," आन्या म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

वळण आलं. आबांनी ब्रेकवर पाय ठेवला. ट्रक थबकला नाही. मागून धक्का बसला. त्या पांढऱ्या घराने ट्रकला चक्क पुढे ढकललं. आजीच्या मांडीवरची संत्र्याची सालं खाली सांडली.

"अहो!"

"बोलू नकोस," आबा म्हणाले. ते आजीशी असं कधी बोलत नसत. त्यांनी गिअर खाली टाकला, इंजिन ओरडायला लागलं. मागचं घर एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे, आणि ट्रकची शेपटी त्याच्याबरोबर हलली. आबांच्या मानेवर घाम आलेला आन्याला दिसत होता. दिवा लाल होता. आता तो हिरवा होईना.

दोन वळणं अशीच गेली. तिसऱ्या वळणापाशी दरी बघायला थांबायची मोकळी जागा होती. आबांनी ट्रक तिथे कसाबसा आत घेतला. कठड्याअलीकडे दोन हातांवर तो थांबला. जळक्या रबराचा वास आला.

आबांनी इंजिन बंद केलं. ते खाली उतरले, मागे गेले, ट्रेलर ट्रकला बांधणाऱ्या साखळ्या ओढून पाहिल्या, प्लग हलवला. डबीवरचा दिवा पुन्हा हिरवा झाला.

"लागला का गं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"लागला हिरवा!" आजी म्हणाली. "देव पावला."

"माझंच कनेक्शन लूज राहिलं असणार," आबा म्हणाले. आन्याने त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "वय झालं, दुसरं काय. हळूहळू जाऊ. चारच मैल उरलेत."

चार मैल. आन्याने काचेतून खाली पाहिलं. रस्ता दरीच्या कडेने वळत वळत जात होता. दिवा हिरवा होता, पण तो खोटं बोलतोय हे ट्रकमध्ये फक्त तिला माहीत होतं. आबांची पावलं खडीवर वाजत दाराकडे यायला लागली. आजी मागे वळून म्हणाली, "घाबरलीस ना, बाळा? झालं हं आता." आणि तिने आन्याचा गाल कुरवाळला. त्यामुळे तर सांगणं आणखीच अवघड झालं.

तरी आन्याने पट्टा सोडला. दोन सीटांमधून अर्धी पुढे घुसली, स्टिअरिंगशेजारी लटकणारी किल्ली उपसून काढली आणि मागचं दार उघडून खाली उडी मारली. आबा समोरच होते. किल्ली मुठीत घट्ट धरून ती त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "नाही जायचं, आबा. वायर लूज नाहीये. प्लगच्या खोबणीत मी नारळाचं पाणी ओतलंय. आजीला माहीतसुद्धा नाही."